सांख्यिकीच्या कामासाठी संगणक घेताना: आधी रॅम, मग कोअर

प्रश्न थोडक्यात असा: काम मुख्यतः 'आर' या सांख्यिकीच्या भाषेत, थोडंफार पायथनमध्ये. डेटा एक-दोन कोटी ओळींचा. मिक्स्ड मॉडेल्स (एकाच माणसाच्या किंवा गटाच्या अनेक नोंदी धरणारी), बूटस्ट्रॅप (त्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढणं) आणि अधूनमधून स्टॅन या सॉफ्टवेअरमधली बेजियन मॉडेल्स (आधीच्या अंदाजाला डेटाची जोड देणारी) चालवायची असतात. सध्याचा १६ जीबी रॅमचा लॅपटॉप मध्येच गुदमरतो. आता डेस्कटॉप घ्यायचा आहे, तर १६ कोअरचा (गणितं करणाऱ्या १६ भागांचा) प्रोसेसर घ्यावा, भारी ग्राफिक्स कार्ड घ्यावं, की आणखी कशावर पैसे घालावेत?

उत्तर आधीच सांगून टाकतो. पैसे रॅमवर घाला, किमान ६४ जीबी. प्रोसेसर ८ कोअरचा पुरेल, पण त्याच्या एकेका कोअरचा वेग चांगला हवा. डिस्क एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान प्रकारची. ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचवा. हे का, ते आता सविस्तर सांगतो, कारण कामाचं स्वरूप थोडं बदललं की उत्तरही बदलतं, आणि तो बदल तुमचा तुम्हाला ओळखता आला पाहिजे.

काहीही विकत घेण्याआधी आत्ताच्या लॅपटॉपवर एक संध्याकाळ खर्च करा. तुमचं नेहमीचं एक मॉडेल घ्या, डेटाचा एक दशांश भाग घ्या, आणि आरमधल्या 'सिस्टम टाइम'ने ते चालवा. तीन आकडे येतात: युजर (प्रोसेसरचा तुमच्या कामावर गेलेला वेळ), सिस्टम (ऑपरेटिंग सिस्टमच्या कामावर गेलेला) आणि इलॅप्स्ड (घड्याळाने लागलेला). युजर आणि इलॅप्स्ड जवळजवळ सारखे असतील, तर एकच कोअर राबतोय आणि बाकीचे बसून आहेत. युजर हा इलॅप्स्डच्या कितीतरी पट असेल, तर बरेच कोअर खरोखर कामाला लागलेत. आणि इलॅप्स्ड बाकी दोघांच्या बेरजेहून खूपच मोठा असेल, तर प्रोसेसर कशाची तरी वाट पाहत थांबलाय. बहुतेक वेळा ती वाट डिस्कची असते. त्याच बैठकीत 'जीसी' ही आरची आज्ञा चालवून कमाल किती मेमरी वापरली गेली, तो आकडाही टिपून ठेवा. एवढ्या चार आकड्यांवरून जे कळतं, ते कुठल्याही तयार बेंचमार्कवरून (वेगाच्या चाचणीवरून) कळत नाही. ते बेंचमार्क बहुतेक व्हिडिओ एडिटिंगचे आणि खेळांचे असतात, तुमच्या मॉडेलचे नसतात.

आता रॅम. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण इथेच लोकांचा हिशेब चुकतो. 'माझी फाइल ४ जीबीची आहे, मग १६ जीबी पुरेल' असं वाटतं. पण फाइलचा आकार आणि मॉडेल बसवताना लागणारी जागा यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

हिशेब करून बघू. आरमध्ये दशांश संख्या ८ बाइट घेते, पूर्णांक ४ बाइट. २ कोटी ओळी आणि ४० दशांश कॉलम म्हणजे ६.४ जीबी. इथपर्यंत सगळे येतात. आता त्यात ३० प्रकारांचा एक फॅक्टर (वर्गवारीचा कॉलम) घाला. फॅक्टर आतून पूर्णांकच असतो, त्यामुळे डेटाफ्रेममध्ये (आरमधल्या डेटाच्या तक्त्यात) तो फक्त ८० एमबी घेतो. पण रिग्रेशन (बाकीच्या कॉलमांवरून एकाचा अंदाज बांधणारं मॉडेल) बसवायला घेतलं की आर त्याचे २९ डमी (० किंवा १ चे) कॉलम करतो, प्रत्येक आकडा ८ बाइटचा. २ कोटी गुणिले २९ गुणिले ८, म्हणजे ४.६४ जीबी. ८० एमबीचा एक कॉलम साडेचार जीबीच्या पुढे गेला, आणि हा फक्त एक फॅक्टर. दोन फॅक्टरांचा इंटरॅक्शन (एकत्रित परिणाम) घातला की काय होईल, ते तुम्हीच गुणून बघा. त्यानंतर 'एलएम' हे आरचं रिग्रेशनचं फंक्शन या सगळ्या कॉलमांच्या मॅट्रिक्सचं क्यूआर विघटन (गणित सोडवण्यासाठी त्याचे भाग) करतं, म्हणजे तेवढ्याच आकाराचं आणखी एक मॅट्रिक्स. शिवाय मॉडेल फ्रेमची (मॉडेलसाठी निवडलेल्या डेटाची) प्रत वेगळी, आणि निकालाच्या ऑब्जेक्टमध्ये हे सगळं जपूनही ठेवलं जातं. तुमचा लॅपटॉप का गुदमरतो, ते यात आलं.

म्हणून माझा ठोकताळा असा: डेटा मेमरीत उघडल्यावर जेवढी जागा घेतो, त्याच्या किमान पाचपट रॅम. पायथनमधल्या पांडास या लायब्ररीचे जनक वेस मॅककिनी यांनीही २०१७ मध्ये पांडाससाठी डेटाच्या ५ ते १० पट रॅमचं प्रमाण सांगितलं होतं. माझा आरमधला अनुभव त्याच्याशी जुळतो.

काही पद्धतींना हा ठोकताळाही लागू पडत नाही. हायरार्किकल क्लस्टरिंगला (नोंदींचे जवळिकीनुसार गट पाडण्याच्या पद्धतीला) प्रत्येक जोडीतलं अंतर साठवावं लागतं. १ लाख नोंदी म्हणजे सुमारे ५०० कोटी जोड्या, म्हणजे फक्त अंतरांसाठी ४० जीबी. मूळ डेटा कदाचित १०० एमबीसुद्धा नसेल! इथे नोंदी दुप्पट झाल्या की जागा चौपट लागते. अशा वेळी रॅम वाढवत बसण्यापेक्षा पद्धत बदलणं शहाणपणाचं.

रॅम संपली की संगणक लगेच बंद पडत नाही, तो मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवायला लागतो. वरवर काम चालू दिसतं. पण रॅममधली एखादी गोष्ट उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, चांगल्या एसएसडीवरून उचलायला त्याच्या काहीशेपट. दहा मिनिटांचं मॉडेल रात्रभर चालतं आणि माणूस दोष प्रोसेसरला देतो. प्रोसेसर मंद आहे म्हणून नवा घ्यायला निघालेल्या कितीतरी जणांना मी आधी रॅमचा आलेख बघायला लावला आहे, आणि तो बहुतेकदा माथ्याला टेकलेला निघाला.

रॅम घेताना एकच मोठी पट्टी घेऊ नका. साध्या डेस्कटॉप बोर्डावर मेमरीचे दोन चॅनल (प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटा) असतात, आणि एका पट्टीने त्यातला एकच भरतो. डीडीआर५-५६०० ची एक पट्टी सेकंदाला ४४.८ जीबी देते, दोन चॅनल भरले तर ८९.६ जीबी. मोठ्या मॅट्रिक्सवर नुसती बेरीज करत जाणारं काम या वेगावरच अडतं, तिथे कोअर वाढवून काही होत नाही. म्हणजे ३२ जीबीच्या दोन पट्ट्या. उरलेल्या दोन खाचांत पुढे आणखी दोन बसतात, पण चार पट्ट्या लावल्या की डीडीआर५ चा वेग बऱ्याच बोर्डांवर खाली येतो. तरीही गरज पडली तर जरूर लावा. मंद रॅम परवडते, अपुरी रॅम परवडत नाही.

आता कोअरकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पासाठी यंत्र निवडायचं काम माझ्याकडे होतं. एकाच रुग्णाची वारंवार घेतलेली मोजमापं, असे हजारो रुग्ण, त्यावर मिक्स्ड मॉडेल. आम्ही ३२ कोअरचा सर्व्हर घेतला. पहिलं मॉडेल लावलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या सहा कोअरच्या साध्या डेस्कटॉपवर तेच मॉडेल आमच्या आधी संपलं. 'एचटॉप' (कुठला कोअर किती राबतोय ते दाखवणारा प्रोग्राम) उघडून बघितलं तर ३२ पट्ट्यांपैकी एक हिरवीगार भरलेली आणि ३१ रिकाम्या. सर्व्हरचा प्रत्येक कोअर २ गिगाहर्ट्झच्या आसपास चालत होता, डेस्कटॉपचा ४.५ च्या वर. एकाच कोअरची शर्यत होती, आणि त्यात आमचा कोअर हळू होता.

याचं कारण मॉडेलच्या पोटात आहे. मिक्स्ड मॉडेल बसवताना ऑप्टिमायझर (सर्वोत्तम उत्तर शोधणारा भाग) एक अंदाज घेतो, डेव्हियन्स (तो अंदाज डेटापासून किती दूर आहे ते) काढतो, त्यावरून पुढचा अंदाज ठरवतो. दुसरी पायरी पहिलीच्या उत्तरावर उभी असते, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चढता येत नाहीत. स्टॅनचंही तसंच आहे: एका साखळीतला (नमुन्यांच्या एका मालिकेतला) प्रत्येक नमुना आधीच्या नमुन्यावरून निघतो. चार साखळ्या चार कोअरवर शेजारी शेजारी चालतात, ते उत्तमच. पण चार साखळ्यांसाठी १६ कोअर घेतले, तर मुद्दाम मॉडेलच्या आत विभागणी लिहिल्याशिवाय उरलेले १२ बघत बसतात.

जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम इथे हाताशी ठेवा. कामाचा २० टक्के भाग एकापाठोपाठ एक असाच करावा लागत असेल, तर ८ कोअरने काम ३.३ पट वेगाने होतं, १६ कोअरने ४ पट, आणि कोअर कितीही वाढवले तरी ५ पटीच्या पुढे जात नाही. म्हणजे ८ वरून १६ वर जाण्यासाठी मोजलेल्या पैशांत तुम्हाला मिळालं काय, तर ३.३ चे ४.

बूटस्ट्रॅपची गोष्ट मात्र वेगळी. २,००० पुनर्नमुने एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असतात, तिथे जितके कोअर तितका फायदा. सिम्युलेशन, क्रॉस व्हॅलिडेशन, परम्युटेशन टेस्ट ही सगळी याच कुळातली. तुमचा बहुतेक वेळ यात जात असेल तर १६ कोअर जरूर घ्या. पण मग रॅमचा हिशेब परत मांडा. विंडोजवर आरचे आठ वर्कर (शेजारी शेजारी चालणारी आरची आठ सत्रं) उघडले की प्रत्येकाला डेटाची स्वतंत्र प्रत द्यावी लागते: ६.४ जीबी गुणिले आठ, म्हणजे ५१ जीबी मॉडेल सुरू होण्याआधीच संपले. लिनक्स आणि मॅकवर 'फोर्क' केलेल्या (मूळ प्रक्रियेतून फुटून निघालेल्या) प्रक्रिया मूळ डेटा वाटून वापरतात, म्हणून तिथे हे ओझं कमी. पण पुनर्नमुना तयार करताना नवी डेटाफ्रेम बनतेच, मग तिथेही तेच. साध्या रिग्रेशनमध्ये यावर एक जुना उपाय आहे: ओळी प्रत्यक्ष उचलून नवी डेटाफ्रेम करायची नाही, कुठली ओळ किती वेळा आली तेवढा आकडा वजन म्हणून द्यायचा. २ कोटी ओळींसाठी तो वजनांचा कॉलम फक्त ८० एमबीचा होतो. मिक्स्ड मॉडेलला मात्र हा उपाय लावू नका. तिथे आरमधली वजनं वेगळ्या अर्थाने घेतली जातात आणि उत्तर चुकतं. तिथे गटच्या गट उचलून पुनर्नमुना करावा लागतो.

प्रोसेसर निवडताना आणखी एक बघा. इंटेलच्या २०२१ मध्ये आलेल्या १२ व्या पिढीपासून बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये दोन जातींचे कोअर असतात, काही वेगवान आणि काही कमी वीज खाणारे. जाहिरातीत दोन्ही मिळून एकच आकडा दिलेला असतो. काम सारख्या तुकड्यांत वाटून दिलं की वेगवान कोअर आपला वाटा संपवून थांबतात, आणि निकाल सगळ्यात हळू कोअर संपेल तेव्हाच हाती येतो. तुकडे लहान करा आणि मोकळा होईल त्याला पुढचा द्या, म्हणजे हा तोटा बराच भरून निघतो. यंत्र घेताना मात्र वेगवान कोअर किती, तेवढेच मोजा.

एक गोष्ट फुकटात मिळते, ती आधी घ्या. आर मॅट्रिक्सची गणितं ब्लास नावाच्या लायब्ररीकडून करून घेतो, आणि आरबरोबर येणारी मूळ ब्लास एकाच कोअरवर चालते. लिनक्सवर तिच्या जागी ओपनब्लास ही अनेक कोअर वापरणारी लायब्ररी बसवली की मोठ्या मॅट्रिक्सचा गुणाकार किंवा चोलेस्की विघटन मिनिटांवरून सेकंदांवर येतं. मॅकवर अ‍ॅपलची स्वतःची अ‍ॅक्सिलरेट वापरता येते. पायथनमध्ये पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) नमपाय ही गणिताची लायब्ररी बसवली तर ओपनब्लास बहुधा सोबतच येते, तिथे काही करावं लागत नाही. दोन सूचना. पहिली: आठ वर्कर उघडलेत आणि प्रत्येकातली ओपनब्लास आणखी आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) उघडते, तर ८ कोअरवर ६४ थ्रेड भांडत बसतात आणि काम एका कोअरपेक्षाही हळू होऊ शकतं. वर्कर वापरताना ब्लासचे थ्रेड १ वर आणा. दुसरी: ब्लास बदलली की उत्तराचे शेवटचे काही दशांश बदलू शकतात. चूक काही झालेली नसते, बेरजेचा क्रम बदललेला असतो. पण अहवालात आरचं 'सेशन इन्फो' जोडा, त्यात कुठली ब्लास वापरली ते छापून येतं. नाहीतर सहा महिन्यांनी तेच आकडे पुन्हा येत नाहीत आणि तुम्ही कोडमध्ये चूक शोधत राहता.

ग्राफिक्स कार्डाबद्दल मी इतका ठाम का? सांख्यिकीचं गणित दुहेरी अचूकतेत चालतं, म्हणजे सुमारे १६ अंक. बाजारातली नेहमीची कार्डं एकेरी अचूकतेसाठी बनलेली असतात, सुमारे ७ अंक. एनव्हिडियाच्या जीफोर्स आरटीएक्स ३० मालिकेत दुहेरी अचूकतेचा वेग एकेरीच्या एक चौसष्टांश आहे. आरटीएक्स ३०९० चा एकेरी वेग ३५ टेराफ्लॉप्सच्या (टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं) वर जातो, दुहेरीचा अर्ध्या टेराफ्लॉपच्या थोडा पुढे. एवढं काम चांगला प्रोसेसरही करतो. अ‍ॅपलच्या मेटलमध्ये (ग्राफिक्स चिपकडून काम करून घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तर दुहेरी अचूकता नाहीच.

मग एकेरीत चालवलं तर काय बिघडतं? रिग्रेशनमध्ये दोन कॉलम एकमेकांशी जवळजवळ जुळणारे असले, उदाहरणार्थ वय आणि नोकरीची वर्षं, की मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर (गणितात चूक किती फुगते ते सांगणारा आकडा) चढतो. तो १० लाख असेल तर ढोबळमानाने सहा अंकांचा विश्वास जातो. १६ मधले सहा गेले तरी दहा उरतात. सातमधले सहा गेले, तर जो एक उरला त्यावर कोणाच्या औषधाचा डोस ठरवायची माझी तयारी नाही. दुहेरी अचूकतेत चांगली चालणारी डेटा सेंटरची कार्डं आहेत, त्यांच्या किमतीत मात्र तुम्ही घेताय तसे कितीतरी डेस्कटॉप येतील. न्यूरल नेटवर्क शिकवायचं असेल किंवा एक्सजीबूस्ट (निर्णयवृक्षांवर चालणारं मॉडेल) सतत चालवायचं असेल, तर कार्ड घ्या, आणि त्याच्या स्वतःच्या मेमरीचा आकार आधी बघा. तुम्ही सांगितलेल्या कामात मात्र ते पडून राहील.

डिस्कबद्दल फार बोलायला नको. एनव्हीएमई घ्या, १ टीबीपेक्षा लहान नको. पण मोठी सीएसव्ही फाइल उघडायला वेळ लागतो तो बहुतांशी अक्षरांचे आकडे करण्यात जातो, डिस्कमध्ये नव्हे. ती एकदा पार्के या फाइलप्रकारात साठवा आणि पुढे हवे तेवढेच कॉलम वाचा. डकडीबी या डेटाबेसने तर रॅममध्ये न मावणाऱ्या फाइलचीही गटवार बेरीज, सरासरी करता येते, आणि बऱ्याचदा मॉडेलला लागतो तो गोषवाराच. माझ्या कितीतरी कामांत या एका बदलाने नवीन यंत्राची गरजच संपली.

ईसीसी रॅमचा विचार कधी करायचा? दिवसच्या दिवस न थांबता चालणारी सिम्युलेशन्स असतील, किंवा निकालावर मोठे निर्णय होणार असतील तेव्हा. रॅममधला एखादा बिट आपोआप पलटला तर ईसीसी तो दुरुस्त करते. साधी रॅम काहीच सांगत नाही, आणि चुकीचा आकडाही दिसायला बरोबर आकड्यासारखाच असतो. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत दुरुस्ती असते, म्हणून सगळीच डीडीआर५ ईसीसी, असं समजू नका. ती दुरुस्ती चिपपुरतीच, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेला ती नाही. खरी ईसीसी हवी तर पट्टी, प्रोसेसर आणि बोर्ड तिन्हींना ती चालते का, ते विकत घेण्याआधी तपासा.

तुम्ही लॅपटॉप सोडून डेस्कटॉप घेताय, हे चांगलं केलंत. लॅपटॉप पहिली काही मिनिटं छान पळतो, मग तापतो आणि वेग उतरवतो. सहा तासांच्या बूटस्ट्रॅपला त्या पहिल्या मिनिटांचा काय उपयोग? शिवाय बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, पुढे वाढवता येत नाही. डेस्कटॉपलाही चांगला कूलर घ्या, आणि यूपीएस विसरू नका. बूटस्ट्रॅपचे निकाल दर शंभर पुनर्नमुन्यांनंतर डिस्कवर लिहीत जा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही.

सशुल्क सॉफ्टवेअर वापरत असाल तर परवानाही वाचा. स्टाटा/एमपी या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरचा परवाना कोअरच्या संख्येवर मिळतो. ४ कोअरचा परवाना असेल तर १६ कोअरच्या यंत्रावरही ते ४ च वापरतं.

वर्षातून एक-दोनदाच २५६ किंवा ५१२ जीबी लागणार असतील, तर त्यासाठी यंत्र विकत घेऊ नका. तेवढे दिवस क्लाउडवर भाड्याने घ्या. अट एकच: डेटा बाहेर नेण्याची परवानगी हवी. रुग्णांचा किंवा व्यक्तीची ओळख उघड करणारा डेटा असेल तर ती लेखी घ्या, नाहीतर मोठं यंत्र जागेवरच उभं करावं लागेल.

तेव्हा आज संध्याकाळी तुमचं मिक्स्ड मॉडेल आणि तुमचा बूटस्ट्रॅप, दोन्हींची वेळ वेगवेगळी मोजा. महिन्याभरात कुठल्यात किती तास जातात, ते वहीत मांडा. मिक्स्ड मॉडेल आणि स्टॅनचे तास जास्त निघाले तर ८ वेगवान कोअर आणि ६४ जीबी. बूटस्ट्रॅपचे तास दुपटीहून जास्त निघाले तर १६ कोअर घ्या, पण मग रॅम १२८ जीबी, आणि विंडोजऐवजी लिनक्स.